भुसावळची २७ मिनिटं

संकष्टीला आजीचा उपास चंद्र दिसल्यावरच सुटायचा. ती अमळनेरकडची, अहिराणी बोलणारी. नैवेद्याचं ताट झाकून ओट्यावर बसायची आणि थोड्या थोड्या वेळाने आत हाक मारायची, “चांद निंघना का रे बापू?” मी दिनदर्शिका उघडून बसलेला असायचो. गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा बारीक अक्षरांत छापलेल्या असत. जळगावची वेळ मुंबईच्या दहा-बारा मिनिटं आधीची, नागपूरची जळगावच्याही आधीची. आकाशात चंद्र एकच आहे, मग प्रत्येक गावाला वेगळी वेळ कशाला, हे मला कळत नसे.

वडील रेल्वेत गार्ड होते. एकदा त्यांना विचारलं, तर गणवेशाची बटणं काढता काढता म्हणाले, “चंद्र एकच आहे, पण तो सगळ्या गावांना एकदम उगवत नाही. घड्याळ मात्र सगळ्या गावांना एकच दिलेलं आहे.”

माणसाने वेळ कशी मोजली आणि मग सगळ्यांसाठी एक कशी केली, याचा जवळजवळ सगळा इतिहास या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बसतो. भुसावळमध्ये ही जागा २७ मिनिटांची आहे. ती आपल्या डोळ्यांनी बघता येते.

गच्चीवर सपाट जागा बघायची. हातभर लांबीची सळई ओळंबा लावून सरळ उभी करायची. तिच्याभोवती खडूने, दोरीच्या मदतीने, एक गोल काढायचा. सकाळी सावली लांब असते, तिचं टोक गोलाच्या बाहेर असतं. ऊन चढत जाईल तशी सावली आखडते आणि एका क्षणी टोक गोलाच्या रेषेला टेकून आत शिरतं. तिथे खूण करायची, वेळ लिहायची. दुपारनंतर तेच टोक दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. तिथेही खूण, तिथेही वेळ. सर्वांत आखूड सावली कधी पडली हे नुसतं बघत बसलं तर कळत नाही, कारण भर दुपारी दहा-दहा मिनिटं सावली हलल्यासारखीच वाटत नाही. दोन खुणांच्या वेळांचा मध्य काढला की खरी माध्यान्ह सापडते. मी एप्रिलच्या मध्यावर हे केलं तेव्हा सावली ११ वाजून १२ मिनिटांनी आत शिरली आणि १ वाजून ४२ मिनिटांनी बाहेर पडली. मध्य येतो १२ वाजून २७ मिनिटं. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम येते, तो एक वेगळाच आनंद. देवळांच्या आणि यज्ञवेदीच्या दिशा जुन्या काळी याच रीतीने ठरवत.

म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा भुसावळचा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. आजीच्या भाषेत ‘दिन माथावर उना’ म्हणायला आणखी जवळपास अर्धा तास थांबावं लागतं.

कारण साधं आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. भुसावळ त्या रेषेच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास आहे, म्हणून सूर्याला तिथून आपल्यापर्यंत यायला २७ मिनिटं लागतात. जळगावला २८ लागतात, धुळ्याला ३१, नंदुरबारला ३३. चाळीसगाव ७५ अंशांवर बसलेलं असल्याने तिथे हिशेब अगदी गोल येतो, ३० मिनिटं. खानदेशातल्या खानदेशातसुद्धा भुसावळ आणि नंदुरबारच्या सूर्यात सहा मिनिटांचं अंतर आहे.

रामनवमीला हे दरवर्षी डोळ्यांसमोर येतं. रामाचा जन्म माध्यान्हीचा. आपण घड्याळात बाराचा ठोका पडला की पाळणा हलवतो, सुंठवडा वाटतो. पण ज्या माध्यान्हीला शास्त्रात महत्त्व दिलं आहे ती घड्याळाची बारा वाजताची नव्हे, त्या त्या गावच्या सूर्याची. आमच्याकडे ती साडेबाराच्या जवळ येते. अभिजित मुहूर्ताचंही तसंच. खऱ्या माध्यान्हीच्या आधी एक घटका आणि नंतर एक घटका, असा तो ढोबळमानाने धरतात. रामनवमीच्या सुमारास भुसावळला तो बाराच्या आधी सुरूच होत नाही.

त्यात सूर्य स्वतःही घड्याळासारखा नेमका चालत नाही. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पूर्ण गोल नाही, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य १४ मिनिटं मागे पडलेला असतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे गेलेला असतो. म्हणून भुसावळची माध्यान्ह फेब्रुवारीत १२ वाजून ४१ मिनिटांना येते आणि दिवाळीच्या सुमारास १२ वाजून ११ मिनिटांना. २७ हा वर्षभराचा मध्य.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला नकाशात सापडली तेव्हा मी बराच वेळ तिथेच बोट ठेवून बसलो होतो. प्राचीन भारतीय ज्योतिषात शून्य रेखावृत्त उज्जैनवरून जायचं. लंका (विषुववृत्तावर मानलेलं एक ठिकाण), उज्जैन, कुरुक्षेत्र अशी ती मध्यरेषा. साऱ्या भारतातल्या ज्योतिष्यांनी ग्रहांची गणितं या रेषेसाठी मांडली आणि मग आपापल्या गावासाठी दुरुस्ती केली. आज जगात लंडनच्या ग्रिनिचला जो मान आहे, तो आपल्याकडे शतकानुशतकं उज्जैनला होता. उज्जैनचं आणि भुसावळचं रेखावृत्त जवळजवळ एकच आहे, पावणेशहात्तर अंशांच्या किंचित पुढे. भुसावळहून नाकासमोर उत्तरेला निघालात, तापी, सातपुडा आणि नर्मदा ओलांडलीत, तर साधारण २३५ किलोमीटरवर उज्जैन लागतं. उज्जैनला माध्यान्ह झाली की भुसावळलाही झालेली असते.

उज्जैनपासून पूर्वेला किंवा पश्चिमेला असलेल्या गावासाठी जी दुरुस्ती करायची तिला देशांतर म्हणत. ते मोजायचं कसं? दोन गावांतल्या माणसांना एकाच क्षणी काहीतरी दिसलं पाहिजे. फोन नाही, तार नाही. तेव्हा उपयोगी पडायचं चंद्रग्रहण. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण, ज्यांना ज्यांना चंद्र दिसतोय त्या सगळ्यांसाठी एकच असतो. उज्जैनच्या गणिताने ग्रहण अमुक घटकांना लागणार आणि आपल्या गावी ते तमुक घटकांना लागलं, तर त्यातला फरक म्हणजे आपलं देशांतर. सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात ही रीत दिलेली आहे. मला ती फार सुंदर वाटते. सगळ्या गावांना एकाच वेळी दिसणारी एक आकाशातली खूण, आणि तिच्यावरून प्रत्येकाने आपलं स्थान ओळखायचं.

ही विद्या आपल्या खानदेशात घरची होती. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत पाटणादेवी आहे. पावसाळ्यात तिथे गेलात तर धबधब्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही. या पाटणच्या शिलालेखात थोर गणिती आणि ज्योतिषी भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला तेराव्या शतकाच्या सुरुवातीला दान मिळालं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, बाजारातल्या मालावर मठाला काय मिळायचं याचा. खगोलाची शाळा आणि तिच्या खर्चाची बाजारातल्या व्यापाऱ्यांवर सोपवलेली सोय, दोन्ही एकाच दगडावर. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. शंकू आहे, म्हणजे आपली गच्चीवरची सळई. वेळ काढण्यासाठी त्यांनी स्वतः योजलेलं फलकयंत्र आहे. आणि घटीयंत्र आहे.

घटीयंत्र म्हणजे तळाला भोक असलेली तांब्याची वाटी. मोठ्या पातेल्यातल्या पाण्यावर ती तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येतं, वाटी जड होत जाते, आणि भरली की बुडते. एकदा बुडायला जो वेळ लागतो ती एक घटका. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका. एका घटकेची ६० पळं, एका पळाची ६० विपळं. आजच्या मापाने घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. अडीच घटकांचा एक तास.

मी हे घरी करून बघितलं आहे. तांब्याची जुनी वाटी घेतली आणि बारीक खिळ्याने तळाला भोक पाडलं. पहिल्यांदा वाटी सात मिनिटांतच गेली. मग भोक लाखेने बुजवून गरम सुईने पुन्हा उघडलं. आता ती वीस मिनिटं टिकली. बघण्यासारखा असतो तो शेवट. बराच वेळ काहीच घडत नाही, तळाशी एक इवलंसं कारंजं फुगत असतं. मग काठ पाण्याच्या पातळीला येतो, पाण्याची कड वाटीच्या ओठावर फुगून थांबते, आणि एका श्वासात वाटी तिरकी होऊन डुबुक करून तळाला जाते. तो आवाज बाजूच्या खोलीत ऐकू येतो. तीच वाटी जानेवारीच्या पहाटे ठेवली तेव्हा तिने जास्त वेळ घेतला, कारण थंड पाणी दाट वाहतं. मे महिन्यातल्या आमच्या उन्हात ती लवकर बुडाली. म्हणजे नुसत्या वाटीवर विसंबून चालत नाही.

इथे भास्कराचार्यांचं शहाणपण दिसतं. जुन्या ग्रंथांत वाटीचं वजन किती, भोक पाडायची सोन्याची तार केवढी, अशी मापं दिलेली असत. भास्कराचार्य सांगतात, तांब्याची अर्ध्या घड्यासारखी वाटी करा, तळाला भोक पाडा, आणि एका पूर्ण अहोरात्रीत ती किती वेळा बुडते ते मोजा. त्या संख्येने अहोरात्रीला भागलं की तुमच्या वाटीचं माप कळलं. वाटी कशीही असो, तिला आकाशाशी ताडून घ्या. आजच्या प्रयोगशाळेत प्रत्येक उपकरण याच पद्धतीने तपासून घेतात.

वाटीचीच एक गोष्ट घराघरात सांगितली जाते. भास्कराचार्यांची मुलगी लीलावती, तिच्या लग्नाची घटका बसवलेली, ती कुतूहलाने वाटीत वाकून बघते, तिच्या अलंकारातला मोती निसटून भोकात अडकतो, वाटी बुडतच नाही आणि मुहूर्त टळून जातो. ही कथा भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाचं १५८७ मध्ये फारसी भाषांतर केलं, त्यात ती येते. खरी असो वा नसो, पाण्याच्या घड्याळाचं दुखणं तिने नेमकं पकडलं आहे.

आपल्या बोलण्यात हे सगळं अजून शिल्लक आहे. ‘घटकाभर बस’, ‘पळभर विसावा’, ‘घटका भरली’. घड्याळ हा शब्दच घटीवरून आला. दोन प्रहर उलटले ती दुपार. आणि तास म्हणजे मुळात घटका भरली की बडवायची धातूची थाळी. थाळीचं नाव पुढे वेळेच्या मापाला चिकटलं. नांगराच्या फाळाने शेतात पडते ती रेघही तासच, पण तो शब्द वेगळा.

प्रहर आणि घटका यांत एक बारीक फरक आहे, आणि साऱ्या जगाच्या वेळेच्या इतिहासात तो दिसतो. घटका कधी बदलत नाही. प्रहर मात्र व्यवहारात दिवसाचा चौथा भाग. खानदेशात जूनमधला दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरचा पावणेअकरा तासांच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यातला प्रहर सव्वातीन तासांच्या पुढे जातो आणि थंडीतला पावणेतीन तासांवर येतो. इजिप्तच्या लोकांनी दिवसाचे १२ आणि रात्रीचे १२ भाग केले, तेही असेच ऋतूप्रमाणे ताणणारे आणि आखडणारे होते. सगळे तास सारखे धरावेत ही कल्पना ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कसची, पण ती बराच काळ ज्योतिष्यांच्या वहीतच राहिली. तासाचे ६० भाग करण्याची सवय बाबिलोनची, कारण ते मोजायचेच साठाच्या पटीत. आपली घटी-पळं आणि त्यांची मिनिटं-सेकंद, दोन्हीकडे साठच. साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२ या सगळ्यांनी भाग जातो. वाटणी करणाऱ्या माणसाला याहून सोयीची संख्या मिळणं कठीण.

पुढे युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस दातेरी चाकांची घड्याळं आली. पडणाऱ्या वजनावर चालणारी ही घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकायची. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने घड्याळाला लंबक जोडला आणि ही चूक पंधरा सेकंदांच्या घरात आणली. पण लंबक जहाजावर चालत नाही, आणि खरी गरज तिथेच होती. बंदरातली वेळ बरोबर नेता आली तर समुद्रात माथ्यावरचा सूर्य बघून आपण किती अंश पूर्वेला किंवा पश्चिमेला आलो ते काढता येतं. पुन्हा तेच, अंशाला चार मिनिटं. आपल्या ज्योतिष्यांनी ग्रहणाची वाट बघून जे केलं ते खलाशांना रोज दुपारी हवं होतं. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये यासाठी २० हजार पौंडांपर्यंत बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन हा मुळात सुतार. त्याने आयुष्य खर्ची घालून हातात मावेल असं घड्याळ केलं, आणि १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीला निघालेल्या जहाजावर ते कसाला उतरलं.

इतकं होऊनही गावाची वेळ गावाचीच होती. बैलगाडीने जळगावहून धुळ्याला जाणाऱ्याला तीन मिनिटांच्या फरकाचं काय? फरक पडायला लागला तो रेल्वे आल्यावर, आणि इथे भुसावळ पुन्हा गोष्टीच्या मधोमध येतं.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६० च्या दशकात रूळ घाट चढून खानदेशात आले आणि भुसावळला त्यांना दोन फाटे फुटले, एक नागपूरकडे, एक इटारसी-जबलपूरकडे. १८७० मध्ये जबलपूरचा दुवा जुळला आणि मुंबईहून कलकत्त्यापर्यंत सलग रेल्वेने जाता येऊ लागलं. आता कल्पना करा, भुसावळच्या फलाटावर सूर्य बरोबर माथ्यावर आहे. मुंबईच्या घड्याळात तेव्हा ११ वाजून ४८ मिनिटं झालेली. मद्रासच्या घड्याळात १२ वाजून १८ मिनिटं. कलकत्त्याच्या घड्याळात १२ वाजून ५० मिनिटं. एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या सोडायच्या आणि दोन स्टेशन मास्तरांच्या हातात दोन वेगळ्या वेळा, म्हणजे जिवाशी खेळ.

यावर तोडगा म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रास वेळ धरली. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती, तिथून तारेने वेळ कळवता यायची, आणि मद्रास वेळ मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मध्ये पडायची. त्यामुळे भुसावळला स्टेशनात एक वेळ आणि गावात दुसरी. स्टेशन गावाच्या १८ मिनिटं पुढे. गावाच्या बाराच्या भरवशावर निघालेल्या माणसाची बाराची गाडी केव्हाच निघून गेलेली असायची.

इंग्लंडात हे आधीच घडून गेलं होतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० मध्ये आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली. अमेरिकेत १८ नोव्हेंबर १८८३ ला रेल्वे कंपन्यांनी देशाचे पट्टे पाडले आणि काही गावांत त्या दिवशी दोनदा बारा वाजले. कॅनडाचा रेल्वे अभियंता सँडफर्ड फ्लेमिंग १८७६ मध्ये आयर्लंडमध्ये गाडी चुकून रात्रभर स्टेशनात अडकला, कारण वेळापत्रकात सकाळ आणि संध्याकाळ यांची छपाईत अदलाबदल झाली होती. पुढे २४ तासांच्या घड्याळासाठी आणि साऱ्या जगाच्या एका वेळेसाठी तो झटत राहिला. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देश जमले आणि ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य ठरलं. २२ मतं बाजूने पडली, एक विरोधात, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. फ्रान्सने १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली. ग्रिनिच निवडण्यामागे आकाशातलं काहीच कारण नव्हतं. बहुतेक जहाजांच्या नकाशांवर तेच छापलेलं होतं, एवढंच. उज्जैनची रेषा तितकीच बरोबर होती.

भारतात ८२.५ अंशांची प्रमाणवेळ रेल्वे आणि तार खात्याने १९०५ मध्ये घेतली आणि १ जानेवारी १९०६ पासून ती देशाची अधिकृत वेळ झाली. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. साडेपाच का? देशाच्या मधून जाणारी आणि अर्ध्या तासाच्या पटीत नीट बसणारी रेषा हवी होती म्हणून. भुसावळच्या स्टेशनातलं घड्याळ मद्रास वेळेवरून नऊ मिनिटं पुढे सरकलं. मुंबईला मात्र आपलं घड्याळ ३९ मिनिटं पुढे करावं लागणार होतं, आणि मुंबईने ते सहज मानलं नाही. १८८१ मध्ये तिथे मद्रास वेळ लावून बघितली होती तेव्हाही लोकांच्या विरोधामुळे ती दोन वर्षांत मागे घ्यावी लागली होती. आता गिरणी कामगार चिडले, कारण भोंगा पहाटेच्या अंधारात होणार होता. सर फिरोजशहा मेहता यांच्यासारखी माणसं महापालिकेत मुंबई वेळेच्या बाजूने उभी राहिली. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं ती वेळ शहरात टिकून होती. लोकांना विचारल्याशिवाय त्यांचा दिवस हलवायचा नाही, हा तो आग्रह होता, आणि मला तो रास्त वाटतो. आजही आसामच्या चहाच्या मळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवतात, कारण तिथे सूर्य आपल्या कितीतरी आधी उगवतो.

वडिलांच्या बोलण्यात हा सगळा इतिहास सहज यायचा. ते कधी ‘संध्याकाळी पाच चाळीस’ म्हणाले नाहीत, ‘सतरा चाळीस’च म्हणत. आणि सोळा वाजता, म्हणजे दुपारी चारला, ते ड्यूटीवर असोत वा घरी, घड्याळाकडे हात जायचाच. रेल्वेच्या नियमांत आजही आहे की दररोज सोळा वाजता मुख्य स्थानकांना प्रमाणवेळ कळवायची आणि त्यावर घड्याळं लावून घ्यायची. जे काम एकेकाळी मद्रासच्या तारेने होत असे तेच.

आता ती प्रमाणवेळ सांभाळते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, अणुघड्याळांवर. कारण पृथ्वीसुद्धा पुरेशी नेमकी फिरत नाही असं आढळलं. भरती-ओहोटीच्या घर्षणाने ती फार हळूहळू मंदावते आणि मधूनच थोडी मागेपुढेही होते. म्हणून १९६७ मध्ये सेकंदाची व्याख्या सूर्यावरून काढून घेतली आणि सीझियमच्या अणूवर ठेवली. या अणूतून निघणाऱ्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं झाली की एक सेकंद. तांब्याची वाटी किती वेळा बुडाली ते मोजायचं, तसंच हे. मोजण्याची वस्तू तेवढी बदलली.

अणू आणि पृथ्वी यांची फारकत होऊ नये म्हणून १९७२ पासून अधूनमधून एक जास्तीचा सेकंद घालतात. आतापर्यंत असे २७ घातले गेले. आकडा भुसावळच्या मिनिटांइतकाच यावा हा निव्वळ योगायोग. शेवटचा सेकंद १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आपल्याकडे आला, ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजायच्या आधी. संगणकांना हे जास्तीचे सेकंद पचत नाहीत, म्हणून २०३५ पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरलं आहे. नेमकेपणा किती लागतो याचं एक उदाहरण हातातल्या फोनमध्येच आहे. नकाशा दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे. ती दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात नकाशा सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. जळगावच्या माणसाला तो जळगावात दाखवणार नाही.

गच्चीवरची सळई मी अजून काढलेली नाही. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो. जुलैतला दिवस बहुधा ढगांत जातो, पण मे महिन्यातला सहसा मिळतो. जळगाव-भुसावळला तो २५-२६ मेच्या सुमारास असतो. त्या दिवसांत सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, म्हणून वेळ येते १२ वाजून २४ मिनिटं. बाराला गच्चीत जाऊन उभे राहाल तर सळईची सावली अजून पश्चिमेला पडलेली दिसेल. ती आखडत आखडत सळईच्या बुडाशी येते, बोटभर उरते, मग नखाएवढी, आणि मग फरशीवर नुसतं ऊन राहतं. शेजारी पाण्याची बादली ठेवलेली असेल तर तिचीही सावली तिच्याखालीच गेलेली असते.